राजीनामा नको, स्वेच्छानिवृत्ती घ्या

प्रश्न : मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. २००४ साली लागलो; वीस वर्षं आठ महिने झाले. मध्यंतरी वडिलांच्या आजारपणात १४ महिने बिनपगारी रजा घेतली होती. आता खासगी कंपनीत दीडपट पगार मिळतोय, पण पुढच्या एक तारखेला हजर व्हायचंय. राजीनाम्यानंतर हाती येणारे जीपीएफचे पैसे शेअर बाजारात टाकू का? पेन्शन तर बसेलच ना?

उत्तर : तुमची खरी काळजी शेवटच्या वाक्यात आहे. राजीनामा दिलात तर पेन्शन बसणार नाही.

आणि पेन्शनचा आधार नसताना जीपीएफ शेअर बाजारात टाकू नका.

तुम्ही १ नोव्हेंबर २००५ पूर्वीचे, म्हणजे जुन्या पेन्शनचे हक्कदार. पण महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम ४६ सांगतो, की राजीनाम्याने मागची सगळी सेवा बुडते. रीतसर परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाणाऱ्याला सूट आहे, कंपनीत जाणाऱ्याला नाही. पेन्शन, ग्रॅच्युइटी, तुमच्यामागे पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळं जातं. ‘वीस वर्षं झालीत, राजीनामाच स्वेच्छानिवृत्ती समजा’ असं म्हणत लोक नंतर कोर्टात जातात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या वीज कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं : वीस वर्षं भरली असली तरी राजीनामा तो राजीनामाच. आणि कंपनीसाठी दिलेला राजीनामा मंजूर झाल्यावर मागेही घेता येत नाही. एका ओळीच्या अर्जापायी घरं हवालदिल झालेली मी पाहिली आहेत. म्हणून इतकं बजावतोय.

बरं, पेन्शन टिकवणाऱ्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आज दिलात तरी अडकाल. वीस वर्षं लागतात ती अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेची. स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा तीत धरत नाहीत. तुमचे १४ महिने वजा केले, की उरतात साडेएकोणीस वर्षं. सहा महिने थांबा, मग तीन महिन्यांची नोटीस द्या.

आस्थापनेवरच्या बाबूंनी ‘होऊन जाईल’ म्हटलं तर ऐकू नका. सेवापुस्तक स्वतः पाहा, त्या रजेची नोंद कशी आहे ते तपासा आणि अर्हताकारी सेवा किती भरते हे नियुक्ती अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. कंपनीला नऊ महिने मागा. नाही म्हणाली, तर तिथे जाऊ नका.