चावी काढली, तरी इंजिन चालूच

गाडी डाव्या कुशीवर आडवी झाली तेव्हा माझं लक्ष आधी आवाजाकडे गेलं. मी पट्ट्यांना लटकलेला, माझ्याखाली आतेभाऊ, त्याच्या खिडकीतून लाल गाळ आत घुसत होता आणि इंजिन चढत चाललं होतं. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. चावी फिरवून काढली, फरक नाही. डॅशबोर्डखालची स्टॉपरची केबल ओढली, टोकापर्यंत ओढली. आवाज आणखी चढला. आतेभाऊ खालून ओरडत होता, "दादा, बंद कर! बंद कर ना रे!" मी बंदच करत होतो.

पालीच्या पुढे एका बंद पडलेल्या चिरेखाणीत, जूनच्या अखेरीला घडलेली ही गोष्ट. गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या धर्तीवरच्या स्पर्धांत उतरायचं म्हणून आम्ही आठ महिने एक डिझेल पिकअप बांधत होतो. मूळची मलेशियातली ही स्पर्धा तिथे 1997 साली सुरू झाली आणि 2014 मध्ये गोव्यात आली. तेव्हापासून कोकणातल्या पोरांच्या डोक्यात ते खूळ बसलं. पाऊस, चिखल, जांभा हे सगळं तर आपल्या परसातलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सरावाला वेगळी जागा शोधावी लागत नाही. अजूनही दरवर्षी एखाद-दुसरा पोरगा जुनी गाडी घेऊन माझ्या मिरजोळ्याच्या वर्कशॉपवर येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "टर्बो कुठला टाकू?" त्याला सांगायला जे लागतं, ते इथे लिहितो.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. वीज तोडली की ते मरतं. डिझेलला ठिणगी नसते; हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटतं. आमच्या गाडीतलं 2523 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मेकॅनिकल पंपाचं होतं. एकदा सुरू झालं की त्याला बॅटरीची गरजच नाही. आम्ही नियमाप्रमाणे बाहेरून फिरवता येणारा बॅटरी कट-ऑफ बसवला होता, त्याच्याजवळ निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्हही चिकटवलं होतं. दिवे विझायला त्याचा उपयोग झाला असता. इंजिनाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

मग स्टॉपरनं का थांबलं नाही? स्टॉपरनं आपलं काम केलं होतं, पंपातून येणारं डिझेल तोडलं होतं. पण गाडी आडवी झाल्यावर चेंबरमधलं ऑइल टॅपेट कव्हरकडे गेलं, तिथून ब्रीदरच्या नळीत, आणि ती नळी कंपनीतून येते तशीच एअर फिल्टरनंतरच्या पाइपाला जोडलेली होती. इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. आमच्याकडचे जुने मिस्त्री याला 'इंजिन सुटलं' म्हणतात. अशा वेळी त्याला थांबवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे हवा बंद करणं. गाडी चाकांवर उभी असती तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून इंजिन मारता आलं असतं. आमची दोन चाकं आभाळाकडे होती.

बाहेर विंचचा रिमोट धरून तिसरा मित्र उभा होता. स्नॉर्केलचं तोंड उजव्या खांबावर, म्हणजे आता सगळ्यात वर. त्यानं चिखलात भिजलेलं गोणपाट चौपदरी घडी करून त्या तोंडावर टाकलं आणि वर फळी दाबून अंगाचा सगळा भार दिला. निळसर-पांढऱ्या धुरात तो मला दिसतही नव्हता. तीन-चार गचके बसले आणि इंजिन गप झालं. स्नॉर्केलचा प्रत्येक सांधा आम्ही पाण्याच्या भीतीनं दोनदा सील केला होता. एखादी फट राहिली असती तर तिथून हवा गेली असती आणि ते फुटेपर्यंत पळालं असतं. फळी हाताशी होती हेही नशीब. अशा तोंडावर उघडा तळहात कोणी कधीही ठेवू नये, ओढ भयंकर असते.

इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन स्कर्टवर खरवडून निघाला होता, टर्बोचा शाफ्ट हातानं हलत होता, एक व्हॉल्व्ह वाकला होता. आतेभावाचं डावं मनगट मोडलं, कारण खिडकीला जाळी नव्हती आणि पडताना त्याचा हात आपसूक बाहेर गेला. सहा आठवडे प्लास्टर. आत्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्याचा त्रास मला आजही होतो.

चुकांची सुरुवात मात्र खाणीत झाली नव्हती, गाडी घेतानाच झाली होती. ती मिरकरवाडा बंदरावर मासळी वाहणारी गाडी होती. इंजिन चांगलं, टायर चांगले, किंमत कमी. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून वर्षानुवर्षं चासीवर ठिबकतं, हे रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला कळायला हवं होतं. वरून काळा रंग मारलेला होता. हौदा उतरवला आणि चासीवर हातोडीनं ठोकत गेलो. पुढे 'टण्ण' वाजत होतं, मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी आलो तर 'बद्'. पेचकस टेकवला आणि जोर न लावता तो आत गेला. दोन हात लांबीचा तुकडा कापून नवीन घालावा लागला. किनारपट्टीवर गाडी घेत असाल तर आधी हौद्याखाली आडवे व्हा, मग इंजिन सुरू करून बघा. शक्य असेल तर घाटावरची गाडी घ्या.

मग ताकदीचं वेड. मुंबईच्या भंगारातून टर्बो आणला, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. पंपाचं काम करणारे एक वयस्कर चाचा आहेत, त्यांच्याकडे कॅलिब्रेशनला नेलं तर ते म्हणाले, "पोरा, डिझेल वाढवलंस. तेवढी हवा आणि तेवढं पाणी आहे का तुझ्याकडे?" मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. काळा धूर म्हणजे ताकद, असं आमच्या टोळीत सगळेच धरून चालले होते. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पैसा वाया आणि वर उष्णता. एका रात्री आंबा घाट चढवून साखरप्याच्या बाजूनं वर नेली. पाण्याचा काटा मध्यावर, मी खूश. वर थांबून बॉनेट उघडलं तर अंधारात एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड पळसाच्या फुलासारखा लाल दिसत होता. पाण्याचा काटा या उष्णतेबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या आधी तापमापक बसवावा लागतो, आणि तो 700 अंशांच्या आसपास रेंगाळायला लागला की पाय काढायचा. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. पिस्टन तेलानं आणि ताज्या हवेनं थंड राहतो म्हणूनच टिकतो.

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेली ही तर सरळ चूकच होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. एमएच-08 ची पाटी लावून स्नॉर्केल, केज आणि मोठी चाकं मिरवत मारुती मंदिराच्या चौकातून फिरू नका. गाडी ट्रकवर चढवा आणि मैदानावर उतरवा. त्याचा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा.

हवेच्या वाटेचं महत्त्व मोठमोठ्यांनाही किंमत मोजूनच कळलं आहे. कमिन्स म्हटलं की आपल्याला पुण्याचं कोथरूड आठवतं, पण या कंपनीची डिझेल गाडी 1931 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावली होती. पुढे 1952 मध्ये त्यांनी टर्बो लावलेली गाडी आणली. फ्रेड अगाबाशियन यांनी पात्रता फेरीत तिला सगळ्यांच्या पुढची जागा मिळवून दिली. आणि 200 पैकी 71 फेऱ्यांनंतर ती बाहेर पडली, कारण टर्बोचं हवा घेणारं तोंड खाली, रस्त्यालगत होतं आणि पुढच्या गाड्यांच्या टायरचा रबरी चुरा त्यात जाऊन बसला. हे मी अपघातानंतर वाचलं, आणि वाचून गप्प बसलो.

ताकदीइतकंच थांबणंही महत्त्वाचं, हे ट्रकच्या शर्यतीत उघड दिसतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 23 मार्च 2014 रोजी टाटांच्या प्राइमा ट्रकची पहिली शर्यत झाली. त्या ट्रकना ताशी 110 किलोमीटरची वेगमर्यादा होती. युरोपातले शर्यतीचे ट्रक हजार अश्वशक्तीच्या वर असतात, तरी त्यांना 160 च्या पुढे जायची परवानगी नाही, आणि त्यांच्या ब्रेकवर धावता धावता पाणी मारलं जातं. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त ताकद आहे ते थांबण्यासाठी टाकीभर पाणी वाहून नेतात. आम्ही पिकअपला दीडपट ताकद दिली होती आणि मागचे ड्रम जुनेच ठेवले होते.

आता पाण्याचं. या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण 630 सीसीचा. कॉम्प्रेशन 18 ला 1 धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 37 मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाच्या तीन-चार टोपणांएवढी. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वहाळातून जाताना इंजिन अचानक दम कोंडल्यासारखं बंद पडलं तर सेल्फ मारायचा मोह आवरा. गाडी ओढून बाहेर काढा, नोझल काढा, मग हातानं इंजिन फिरवून पाणी बाहेर उडू द्या. एवढ्या अर्ध्या तासाच्या धीरानं आमचं दुसरं इंजिन वाचलं.

डिफरन्शियलकडे तर कोणाचं लक्षच नसतं. चढण चढून तापलेलं डिफ थंड ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. आमचंही एकदा तसंच झालं; दुसऱ्या दिवशी ड्रेन बोल्ट सोडला तर ऑइलऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखं पाणी बादलीत पडलं. दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, या सगळ्यांच्या ब्रीदरला नळी जोडून ती स्नॉर्केलच्या उंचीला न्या. सगळं मिळून एका टायरच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

रोल केजबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या बाबतीत आम्ही वेळेत सावरलो. पहिला केज एका फॅब्रिकेटरनं पाण्याच्या जीआय पाइपाचा केला होता. दिसायला देखणा. चाचांच्या आग्रहामुळे तो कापून टाकला आणि कोल्ड ड्रॉन सीमलेस नळीचा नवा केला. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला 45 मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची नळी, बाकीला 38 ची चालते. आणि केजचा पाय जिथे टेकतो तिथे किमान 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते, नाहीतर पडताना पाय पत्र्यातून आरपार जातो. जीआय पाइपाचा केज असता तर त्या दिवशी मनगटावर भागलं नसतं. आणि आपल्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून गंजते. दर पावसाळ्याआधी मॅटिंग उचलून बघा.

अपघातानंतर गाडी पुन्हा उभी करायला दीड वर्ष गेलं. या वेळी ब्रीदरची नळी इनटेकपासून कायमची सोडवली आणि वर बसवलेल्या ऑइल कॅचच्या डब्यात नेली. फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये एक फ्लॅप बसवला, केबल ओढली की हवा पूर्ण बंद. त्याची एक मूठ माझ्या हाताशी, दुसरी आतेभावाच्या, तिसरी बाहेर, बॅटरी कट-ऑफच्या शेजारी लाल रंगवून. खिडक्यांना जाळ्या आल्या. पंपाचा स्क्रू चाचांनी स्वतः दोन आटे मागे फिरवला.

मागच्या मे महिन्यात लांज्याचा एक पोरगा गाडी घेऊन आला. काम स्वच्छ होतं, वेल्डिंग बघून हात फिरवावासा वाटला. मी त्याला आणि त्याच्या सोबत्याला पट्टे बांधून बसवलं, इंजिन सुरू केलं, दोघांच्याही डोळ्यांवर हेल्मेटवरून फडकं बांधलं आणि म्हटलं, "आता बंद कर." सोबत्याला फ्लॅपची मूठ सापडायला नऊ सेकंद लागली. तो पट्ट्यांत ताणला जात होता आणि बोटं मुठीच्या दोन इंच अलीकडे हवेत फिरत होती. आम्ही त्याच दुपारी ब्रॅकेट कापलं, मूठ दोघांच्या मधोमध आणली आणि संध्याकाळी पुन्हा फडकं बांधलं.