सर्वांत उंच गाव कोणते?



सामान्यज्ञानाच्या परीक्षेत 'भारतातील सर्वांत उंच गाव कोणते?' असा प्रश्न विचारला जातो. एका पुस्तकात उत्तर किब्बर असते, दुसऱ्यात कॉमिक, तर तिसऱ्यात कर्झोक. किब्बर व कॉमिक ही हिमाचल प्रदेशाच्या स्पिती खोऱ्यातील गावे. कर्झोक लडाखमध्ये त्सो मोरिरी सरोवराच्या काठी आहे. तीन पुस्तके, तीन उत्तरे! मग पाठ काय करावे? आम्ही म्हणतो, आधी उत्तर कसे ठरते ते समजून घ्यावे.

१) उंची कोठून मोजली?
आपल्या असीरगडाचेच उदाहरण घ्या. गड पायथ्यापासून सुमारे २६० मीटर उंच, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. दोन्ही आकडे खरे, पण मोजण्याची सुरुवात वेगळी. गावांची तुलना करताना सर्वांची उंची समुद्रसपाटीपासूनच धरावी लागते. समुद्रही भरती-ओहोटीने वर-खाली होतो, म्हणून त्याची सरासरी पातळी घेतात. भारतात नऊ बंदरांवरील नोंदींवरून १९०९ मध्ये ही पातळी निश्चित झाली.

२) कशाने मोजली?
भारतीय सर्वेक्षण विभाग दुर्बीण व मापपट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने उंची मोजत नेतो. हे काम सावकाश होते, पण भरवशाचे असते. हवेच्या दाबावरून उंची काढली तर हवामान बदलताच आकडा बदलतो. उपग्रहावरून मिळणारी उंची मुळात पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. ती दुरुस्त न करता घेतली तर भारतात कोठे कोठे पन्नास मीटरांहून अधिक फरक पडतो. फुटांचे मीटर करतानाही सावध असावे. 'सुमारे १५,००० फूट' हा ढोबळ अंदाज, पण त्याचे ४,५७२ मीटर लिहिले की तो अगदी काटेकोर वाटू लागतो.

३) गावातील कोणती जागा?
डोंगरातले गाव उतारावर वसलेले असते. खालचे शेत, मधली घरे आणि वरचा मठ यांच्या उंचीत बराच फरक असू शकतो. एका गावाचा मठ व दुसऱ्या गावाचे शेत अशी तुलना न्यायाची नाही.

४) गाव कशाला म्हणावे?
महसुली दप्तरात नाव असते पण वस्ती नसते, अशा गावाला मराठीत 'बेचिराग' म्हणतात, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. याउलट लडाखचे चांगपा मेंढपाळ याहूनही उंच कुरणांवर तंबू ठोकतात, पण ऋतूप्रमाणे जागा बदलतात. म्हणून 'बारमाही वस्तीचे गाव' अशी अट आधीच सांगावी लागते.

आता निर्णय करू. किब्बर सुमारे ४,२०० मीटरांवर आहे, म्हणून ते मागे पडते. कॉमिक आणि कर्झोक दोन्ही साडेचार हजार मीटरांच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यातील फरक वर सांगितलेल्या चुकांपेक्षा मोठा नाही. म्हणून एकाच पद्धतीने, सारख्याच जागी मोजल्याशिवाय एकाला पहिला क्रमांक देणे उतावीळपणाचे होईल. कॉमिक येथील फलक तर 'मोटार जाणारे जगातील सर्वांत उंच गाव' असे सांगतो. पण पेरू देशातील ला रिंकोनाडा ही सोन्याच्या खाणीची वस्ती ५,००० मीटरांच्या वर आहे आणि तेथेही मोटार जाते. फलक पाहून पर्यटक येतात, चार घरांना रोजगार मिळतो, याचा आम्हास आनंदच आहे. तथापि फलक हा पुरावा नव्हे.

पालकांनाही एक विनंती. मुलाने 'हे कोणी मोजले? कसे मोजले?' असे विचारले तर त्याला उद्धट समजू नये. आज गावाची उंची तपासणारा मुलगा उद्या जाहिरात, अफवा आणि निवडणुकीतील दावेही तपासून पाहील. विश्वस्त मंडळाने शाळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या परिसराचा नकाशा घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

स्वाध्याय
१. बुऱ्हाणपूर स्थानकाच्या पिवळ्या फलकावरील उंची वहीत लिहा. येता-जाता खंडवा व भुसावळ येथील उंचीही टिपा.
२. तिन्हींत सर्वांत उंच स्थानक कोणते? त्यावरून ते शहरही सर्वांत उंच, असे म्हणता येईल का? कारण लिहा.
३. आपल्या भागातील 'सर्वांत जुने' किंवा 'सर्वांत मोठे' म्हटले जाणारे एक ठिकाण निवडा आणि तो दावा कसा तपासाल ते पाच ओळींत लिहा.