लेझरचा ठिपका मोजायचा कसा?



लेझर हा शब्द आता पाचवीतल्या मुलांनाही नवा नाही. जत्रेतला लाल ठिपक्याचा पॉइंटर, दुकानातला बारकोड वाचणारा स्कॅनर, मिरवणुकीतले हिरवे झोत, सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. लेझर दिसला की मुलं विचारतात, "किती पॉवरचा आहे?" प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा : ती पॉवर किती जागेत आणि कशी पसरली आहे? कारखान्यात आणि प्रयोगशाळेत हा दुसरा अर्धा प्रश्न रोज मोजून सोडवला जातो. तो कसा, ते आज पाहू. शेवटी वर्गात करता येईल अशी एक सोपी कृतीही दिली आहे.

१. ब्लेडने मोजलेला लेझर

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. त्यात कृत्रिम माणकाची छोटी कांडी वापरली होती. सुरुवातीच्या त्या काळात लेझरचा जोर सांगायला शास्त्रज्ञांनी गमतीचं एकक काढलं होतं, 'जिलेट'. लेझरच्या एका झोताने दाढीच्या जितक्या ब्लेडना भोक पडेल, तितके जिलेट!

मुलांना इथेच थांबवून विचारा, "या मापात अडचण काय?" थोडा वेळ दिला की उत्तर येतं. समोरचं भिंग जरा पुढे-मागे सरकलं तर तोच लेझर कमी ब्लेड भेदेल. लेझर बदलला नाही, ऊर्जाही तीच, पण माप बदललं. म्हणजे जिलेटमध्ये दोन गोष्टींची सरमिसळ होती : एकूण ऊर्जा आणि ती एकवटण्याची जागा. या दोन गोष्टी वेगळ्या करून मोजणं म्हणजेच लेझर शलाकेचं मोजमाप.

२. शक्ती आणि तीव्रता

शक्ती वॅटमध्ये मोजतात. तीच शक्ती एका चौरस मिलिमीटरवर किती पडते, ती तीव्रता. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा प्रयोग मुलांनी केलेला असतो. भिंग ऊन वाढवत नाही, फक्त गोळा करतं.

आता एक गणित सोडवू. पत्रा कापणाऱ्या लेझरची शक्ती १००० वॅट धरू.

- ठिपक्याचा व्यास ०.१ मिमी : क्षेत्रफळ सुमारे ०.००७८५ चौ. मिमी, सरासरी तीव्रता सुमारे १,२७,००० वॅट प्रति चौ. मिमी
- ठिपक्याचा व्यास ०.२ मिमी : क्षेत्रफळ चौपट, तीव्रता सुमारे ३२,००० वॅट प्रति चौ. मिमी

व्यास फक्त दुप्पट झाला आणि तीव्रता पाव झाली. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट असतं. म्हणजे पहिल्या ठिपक्यातली तीव्रता उन्हाच्या १२ कोटी पटींहून जास्त झाली.

३. ठिपक्याची कड कुठे?

पण व्यास मोजायचा कुठून कुठपर्यंत? खळ्यावर ज्वारी ओतली की रास होते. मध्ये उंच, कडेला उतरती, आणि शेवटचे दाणे इकडेतिकडे विखुरलेले. रास नेमकी कुठे संपली ते सांगता येत नाही. चांगल्या लेझरची शलाकाही अशीच असते. मध्यभागी सर्वात तीव्र, बाहेर जाताना हळूहळू फिकी. तिचा आलेख घंटेसारखा दिसतो. त्याला गणितज्ञ गाउस यांच्या नावावरून गाउशियन आलेख म्हणतात.

कड दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एक खूण ठरवली. मध्यभागाच्या तुलनेत तीव्रता जिथे १३.५ टक्क्यांवर येते, तिथे गाउशियन शलाकेची कड मानायची. या वर्तुळात एकूण शक्तीचा सुमारे ८६.५ टक्के भाग येतो. शक्तीला या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागून जी सरासरी मिळते, तिच्या बरोबर दुप्पट तीव्रता मध्यबिंदूवर असते. म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबून चालत नाही.

प्रत्यक्षात सगळ्या शलाका अशा देखण्या नसतात. काही लंबगोल असतात, काहींना दोन शेंडे असतात, काहींच्या मध्येच खड्डा असतो. अशा शलाकांची रुंदी कशी काढायची, याचे नियम आयएसओ १११४६ या आंतरराष्ट्रीय मानकात दिले आहेत.

४. मोजण्याच्या पद्धती

अ) शक्तिमापक : जास्त शक्तीसाठी काळ्या थराची चकती वापरतात. प्रकाश शोषला की चकती तापते आणि त्या उष्णतेवरून वॅट कळतात. मिलिवॅटसाठी फोटोडायोड पुरतो. यातून एकूण शक्ती कळते, आकार कळत नाही.

आ) पात्याची पद्धत : इथे ब्लेड पुन्हा येतं, पण भोक पाडायला नाही! शक्तिमापकासमोर धारदार पातं हळूहळू सरकवून शलाका झाकत जायची आणि दर पायरीला किती प्रकाश उरला ते लिहायचं. गाउशियन शलाकेत उरलेला प्रकाश ८४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येईपर्यंत पातं जेवढं सरकलं, तेवढी शलाकेची त्रिज्या. साधन साधं, पण पद्धत भरवशाची.

इ) कॅमेरा : शलाका थेट कॅमेऱ्याच्या संवेदकावर पाडतात. प्रत्येक बारीक चौकटीत किती प्रकाश पडला ते संगणक रंगांत दाखवतो. मात्र तीव्र लेझर कॅमेरा जाळून टाकेल, म्हणून आधी तो फिका करावा लागतो. साध्या काचेवर जवळपास सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के एका पृष्ठभागावरून परततो. १००० वॅटचे ४० वॅट झाले, दुसऱ्या काचेवरून १.६ वॅट. पुढे गडद गाळण्या लावून तो आणखी कमी करतात. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याला प्रत्येक लेझर दिसत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते आणि नेहमीचा सिलिकॉनचा संवेदक तिला आंधळाच असतो. तिथे उष्णता ओळखणारा वेगळा संवेदक लागतो.

एकाच जागी मोजूनही भागत नाही, कारण प्रत्येक शलाका पुढे जाताना पसरते. मानकाप्रमाणे किमान १० ठिकाणी रुंदी मोजतात आणि त्यावरून 'एम-स्क्वेअर' हा आकडा काढतात. निसर्गनियमांनुसार सर्वोत्तम शलाकेसाठी तो १ येतो. जितका मोठा, तितकी शलाका बारीक ठिपक्यात गोळा करणं अवघड.

५. एवढा खटाटोप कशासाठी?

कारखाना : पत्रा कापताना भिंगासमोरच्या संरक्षक काचेवर धूर आणि शिंतोडे बसतात. काच तापते आणि ठिपका जागचा हलतो किंवा मोठा होतो. मशीनच्या पडद्यावर वॅट तेच दिसतात, काप मात्र खरबरीत येतो. दोष शक्तीत नसतो, आकारात असतो, आणि तो मोजल्याशिवाय सापडत नाही.

दवाखाना : चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियेत १९३ नॅनोमीटरचा लेझर पारपटलाचा साधारण पाव मायक्रोमीटर थर एका झोतात काढतो. झोत एका बाजूला जास्त तीव्र असेल तर थरही असमान निघेल. म्हणून लेझर वेळोवेळी तपासतात.

संशोधन : गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या भुजा ४ किलोमीटर लांब आहेत. टोकाच्या आरशांचा व्यास ३४ सेंटिमीटर आणि त्यांवर पडणारी शलाका सुमारे १२ सेंटिमीटर रुंद. शलाकेचा आकार आरशांशी नीट जुळला नाही तर प्रकाश वाया जातो आणि मोजमाप बिघडतं. अशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, आपल्या हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. हे मुलांना आवर्जून सांगा.

६. वर्गातील कृती : टॉर्चची 'प्रोफाइल'

या कृतीत लेझर अजिबात वापरायचा नाही.

१. खोलीत अंधार करा. टॉर्च टेबलावर पक्का ठेवा.
२. एक मीटर अंतरावर पट्टी आडवी चिकटवा.
३. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारं अॅप घ्या. मोबाइलचा संवेदक टॉर्चकडे करून पट्टीच्या कडेने १-१ सेंटिमीटर सरकवा आणि दर वेळी आकडा लिहा.
४. आलेख कागदावर आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर प्रकाश घ्या.
५. अंतर दोन मीटर करून पुन्हा मोजा. आलेख बुटका आणि पसरट का झाला, यावर चर्चा घ्या.

दोन-तीन वेगळे टॉर्च मिळाले तर फारच छान. डोळ्यांना सारखे वाटणारे झोत आलेखावर वेगळे दिसतात.

७. पालकांसाठी महत्त्वाचं

डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते आणि डोळ्यातलं भिंग लेझर साधारण ०.०२ मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा करतं. तीव्रता लाखाहून जास्त पट वाढते! म्हणून 'थोड्याच मिलिवॅटचा आहे' हे समाधान खोटं आहे. त्यात लेबलही खरं असेलच असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १२२ पॉइंटर तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष सांगितले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर सुरक्षेच्या नियमात बसत नव्हते. काही हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात. ते दिसतच नसल्याने पापणी मिटत नाही. मिरवणुकीतल्या लेझरने दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या आहेत. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली होती. कारखान्यात प्रत्येक झोत मोजणारी माणसंही संरक्षक चष्मा लावतात. आपण न मोजलेला झोत मुलांच्या हातात खेळणं म्हणून देऊ नये, ही कळकळीची विनंती.

स्वाध्याय

१. ठिपक्याचा व्यास २ मिमीवरून १ मिमी केला, शक्ती तीच ठेवली. तीव्रता किती पट होईल? (उत्तर : ४ पट)
२. ५०० वॅटचा लेझर पाठोपाठ दोन काचांवरून परावर्तित केला, प्रत्येक वेळी ४ टक्के परतला. किती वॅट उरले? (उत्तर : ०.८ वॅट)
३. 'जिलेट' हे चांगलं एकक का नव्हतं? तुमच्या शब्दांत लिहा.
४. ज्वारीच्या राशीची कड ठरवायची असेल तर तुम्ही कोणता नियम कराल? गटात चर्चा करा.