गावाहून येताना कोंबडी आणू नका

जानेवारी आला की मानखुर्दच्या आमच्या वस्तीत पिशव्या भरायला सुरुवात होते. १ तारखेला भीमा कोरेगाव, १४ तारखेला नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेट, आणि तिथून पुढे दोन-चार दिवस गावी. कोणी लातूर एक्स्प्रेसने जातो, कोणी देवगिरीने जालना-परभणीकडे. परत येताना ज्वारी येते, तूरडाळ येते आणि पुष्कळदा पाय बांधलेली एखादी गावरान कोंबडीही येते. तिच्याबद्दलच आम्हाला बोलायचे आहे, कारण आपल्याकडे बर्ड फ्लूच्या साथी बहुतेक याच थंडीच्या दिवसांत आल्या आहेत.

देशात कोंबड्यांमध्ये हा आजार पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले आणि त्याच महिन्यात खाडीपलीकडे, उरण तालुक्यातल्या चिरनेरला साथ निघाली. म्हणजे हे लांबचे दुखणे नाही.

माणसाला हा आजार सहजासहजी होत नाही, हे आधी सांगतो. नवापूरला एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नव्हते. पण झालाच तर जीवघेणा असतो. जगात आजवर एच५एन१ची लागण नोंदली गेली त्यातली जवळपास निम्मी माणसे दगावली. २०२५ मध्ये आंध्रातील पालनाडू जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी गेली. तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता, असे घरच्यांनी सांगितले. २०२४ मध्ये एक लहान मूल कोलकात्याहून ऑस्ट्रेलियाला परतले आणि तिथे आजार निघाला. ते वाचले. प्रवासात आजार असा सोबत येतो.

विषाणू असतो पक्ष्याच्या विष्ठेत, लाळेत, रक्तात, पिसांत. म्हणून धोका ताटातल्या शिजलेल्या रश्श्यापेक्षा पिसे उपटताना, आतडी काढताना जास्त. हे काम घराघरांत कोण करते? बाई करते, आणि शेजारी पोर बसलेले असते. साथीची बातमी असेल तर गावी जिवंत कोंबडी घरात कापू नका आणि मुलांना खुराड्यात अंडी काढायला पाठवू नका. कच्च्या मांसाची सुरी-पाटी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. मांस आतपर्यंत शिजवा, आत गुलाबी राहता कामा नये. ७० अंशांच्या वर विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर खदखदा उकळतो, त्यामुळे चिकन खाणे बंद करायची गरज नाही. फक्त एसटी स्टँडवरचे हाफ फ्राय टाळा.

कोंबडी मुंबईला आणणे मात्र पूर्ण बंद. साथीच्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. तुम्ही डब्यात सीटखाली ठेवलेली कोंबडी हे सगळे ओलांडून थेट दहा बाय दहाच्या खोलीत येते.

आता अवघड गोष्ट. साथीच्या गावात मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी फुकट मिळते. आणि मेलेल्या उचलायला, खड्डा खणायला हाक येते ती पुन्हा आपल्याच आळीत. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले ते स्वाभिमानासाठी. नर्सिंगच्या शिक्षणाने आम्हाला तेच दुसऱ्या कारणासाठी शिकवले. सरकारी पथकाला किट मिळते, मास्क-हातमोजे मिळतात, डॉक्टरांची नजर असते. उघड्या हाताने दोनशे रुपयांवर राबणाऱ्याला यातले काही मिळत नाही. तेव्हा काका-मामांना सांगा, किट दिल्याशिवाय हात लावायचा नाही. पशुसंवर्धन खात्याला १९६२ वर फोन करा, तो फुकट लागतो.

इथे मानखुर्दला डम्पिंगमुळे कावळे-घारी भरपूर. मेलेला पक्षी दिसला तर पोरांना लांब ठेवा आणि महापालिकेला १९१६ वर कळवा. उचलायला येणाऱ्या सफाई कामगारालाही मास्क आणि हातमोजे आहेत का ते बघा. नसतील तर त्याला उचलू देऊ नका.

गावाहून आल्यावर दहा-पंधरा दिवसांत ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी, डोळे लाल होणे, धाप लागणे असे काही झाले तर मेडिकलमधून गोळी आणून झोपू नका. गेल्या थंडीत आमच्या ओळखीचा एक मुलगा चार दिवस तसाच राहिला. ओपीडीत त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही की गावी काकाच्या कोंबड्या मेल्या होत्या. त्याला साधाच फ्लू निघाला, पण ते चार दिवस आम्हाला अजून आठवतात. या आजारावरचे ऑसेलटामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते.

म्हणून केसपेपर काढताना पहिले वाक्य हेच बोला: 'मी अमुक गावाहून आलो, तिथे पक्षी मेले आहेत, मी त्यांना हात लावला होता.' डॉक्टर घाईत असले तर पुन्हा बोला आणि केसपेपरवर लिहून घ्या.