लाकूड कुजविणारी बुरशी आणि प्रदूषित मातीची स्वच्छता

जमिनीवर पडलेल्या लाकडाची कूज मुख्यतः दोन प्रकारची असते. तपकिरी कुजीत बुरशी सेल्युलोज वापरते. लिग्निन बहुतांशी मागे उरते आणि लाकूड चौकोनी तुकड्यांत फुटते. पांढऱ्या कुजीत लिग्निनचेही विघटन होऊन लाकूड फिकट व तंतुमय बनते.

लिग्निनची रचना अनियमित असल्याने ते तोडणे बहुतेक सूक्ष्मजीवांना जमत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील मॅडिसन येथील वन उत्पादन प्रयोगशाळेत मिंग टिएन आणि केंट कर्क यांनी ‘फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम’ या पांढऱ्या कुजीच्या बुरशीतील लिग्निन तोडणाऱ्या विकराचा (एन्झाइम) शोध प्रसिद्ध केला. हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने रेणूतील इलेक्ट्रॉन काढून घेते. त्यामुळे रेणू अस्थिर होऊन त्याचे बंध तुटतात. ही क्रिया एकाच रचनेपुरती मर्यादित नसते. म्हणूनच १९८५ मध्ये याच बुरशीने डीडीटी व लिंडेन या कीटकनाशकांचे अंशतः कार्बन डायऑक्साइडपर्यंत विघटन केल्याचे प्रयोगशाळेत आढळले.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र काळजी हवी. प्रदूषक हे या बुरशीचे अन्न नव्हे. तिला वाढीसाठी भुसा, पेंढा यांसारखा काष्ठमय पदार्थ लागतो. शिवाय या बुरशीत लिग्निन तोडण्याची क्रिया नत्राची कमतरता भासल्यावर सुरू होते. तिचा नैसर्गिक अधिवास लाकूड हा असल्याने मातीतील स्थानिक सूक्ष्मजीवांपुढे तिचा टिकाव लागणे कठीण जाते. त्यामुळे प्रयोगशाळेतील यश शेतात जसेच्या तसे मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

धिंगरी अळिंबी हीदेखील पांढऱ्या कुजीचीच बुरशी आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना पुढील बाबी अवश्य सांगाव्यात :

• शिल्लक कीटकनाशके किंवा फवारणी पंप धुतलेले पाणी कंपोस्ट खड्ड्यात ओतू नये. बुरशीनाशकाने तर कुजविणारी बुरशीच मरते.
• कॅडमियमसारख्या जड धातूंचे विघटन कोणतीही बुरशी करू शकत नाही. ते अळिंबीत साठू शकतात. म्हणून लागवडीसाठी प्रदूषित क्षेत्रातील पेंढा वापरू नये.
• अळिंबी काढल्यानंतर उरलेला स्वच्छ पेंढा जाळू नये. लिग्निन अंशतः तुटलेले असल्याने त्याचे कंपोस्ट करणे सोपे जाते.

बुरशीची क्षमता मोठी आहे. परंतु विषारी द्रव्य मातीत जाऊच न देणे, हाच शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत खात्रीचा उपाय होय.