कोटा शैलसमूहातील मांसाहारी डायनोसॉर

पुणे शहराच्या पूर्वेस नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव दगडखाणींसाठी परिचित आहे. 2021 साली ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. या खाणींतील काळ्या पाषाणात डायनोसॉरची हाडे सापडतील काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने त्याचे स्वागतच करावे. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीचा इतिहास उलगडून दाखविते.

वाघोलीचा पाषाण हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थंड झालेला लाव्हारस होय. अशा तप्त रसात हाडे टिकत नाहीत. ती टिकतात नदी-सरोवरांच्या गाळात. शिवाय पूर्व ज्युरासिक काळ याहून फार जुना, म्हणजे सुमारे 20 ते 17.5 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळचा गाळाचा खडक पाहावयाचा असेल, तर राज्याच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात जावे लागते.

प्राणहितेकाठचा पुरावा

प्राणहिता नदीकाठच्या कोटा या गावावरून तेथील खडकांना 'कोटा शैलसमूह' असे नाव पडले आहे. याच परिसरातील पोचमपल्लीजवळ कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास उत्खनन केले. त्यात किमान सहा प्राण्यांची सुमारे 300 हाडे व झाडांचे मोठे बुंधे मिळाले. 1975 साली या प्राण्याचे 'बारापासॉरस टागोराय' असे नामकरण झाले. हा महाकाय प्राणी शाकाहारी होता. त्याच्या काळातील शिकारी प्राण्याचा पुरावा मात्र तोकडा आहे. 1982 साली पी. यादगिरी यांनी कोटा शैलसमूहातील कटिभागाच्या एका अपुऱ्या हाडावरून 'दंडकोसॉरस' हे नाव दिले.

एका हाडावरून रूप

एवढ्याशा तुकड्यावरून संपूर्ण प्राणी कसा चितारावा? त्यासाठी त्याच काळातील अधिक पूर्ण सांगाड्यांशी तुलना करावी लागते. अमेरिकेतील ॲरिझोना येथे 1942 साली उत्खनन झालेला 'डायलोफोसॉरस' सुमारे 7 मीटर लांब होता. त्याच्या मस्तकावर हाडांचे दोन पातळ तुरे होते. अंटार्क्टिकात सापडलेल्या आणि 1994 साली नाव मिळालेल्या 'क्रायोलोफोसॉरस'च्या डोळ्यांवर आडवा, वळ्यांचा तुरा होता. त्या काळी भारत व अंटार्क्टिका गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, हे येथे लक्षात ठेवावे.

हे प्राणी मागील दोन पायांवर चालत. जड शेपूट जमिनीवर न फरफटता आडवी ताठ राहून शरीराचा तोल सांभाळीत असे. दात मागे वळलेले व करवतीसारख्या धारेचे होते. तुरे नाजूक असल्याने झुंजीपेक्षा ओळख पटविण्यास वा जोडीदारास आकर्षिण्यास उपयोगी पडत असावेत. कातडीचा रंग मात्र हाडांवरून कळत नाही. चित्रांतील रंग ही चित्रकाराची कल्पना होय. 1993 च्या प्रसिद्ध इंग्रजी चित्रपटातील डायलोफोसॉरसच्या मानेवरील झालर व विषाची पिचकारी यांनाही कोणताच आधार नाही. दंडकोसॉरसला तुरा होता की नाही, हे त्याची कवटी मिळाल्याखेरीज सांगता येणार नाही.

आपले कर्तव्य

म्हणूनच प्रत्येक हाडाचे मोल मोठे आहे. ज्या हाडावरून एका प्राण्याचे रूप उमगावयाचे, ते रस्त्याच्या खडीत गेले तर तो पुरावा कायमचा नष्ट होतो. हाड मूळ जागेवरून हलविले, तरी कोणत्या थरात होते ही माहिती हरवते. विहीर, तलाव किंवा रस्त्याच्या कामात दगडासारखे जड हाड, दात किंवा लाकूड आढळल्यास ते फोडू अथवा उचलू नये. जागेची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास कळवावे. ग्रामपंचायतीने एवढी दक्षता घेतली आणि शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांत रुजविली, तर कोटा शैलसमूहातील शिकारी प्राण्याचे आज अपुरे असलेले चित्र उद्या पूर्ण होऊ शकेल.