लग्नाची ऑर्डर: फोटो टाकण्याआधी विचारलंत का?

आजचा धडा महागावच्या मंडप, कॅटरिंग आणि फोटोग्राफीवाल्यांसाठी.

३० डिसेंबर २०१७ ला, ऐन सुट्टीत, आपल्या यवतमाळात दोन पुरुषांचं लग्न झालं. एक मूळचा इथलाच, अमेरिकेत नोकरी करणारा, दुसरा व्हिएतनामी. बातमी देशभर गेली. तेव्हा कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही अशा लग्नाची कायदेशीर नोंदणी होत नाही, पण समारंभ करणं गुन्हा नाही. म्हणजे ऑर्डर बिनधास्त घ्या. तयारी मात्र नीट करा:

१. करार: तारीख, ॲडव्हान्स, जागा बदलली किंवा कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे लिहून घ्या. घरच्यांच्या दबावाने ऐनवेळी बेत बदलू शकतो.

२. फोटो: लेखी होकाराशिवाय स्टेटसला काहीही टाकू नका. तुमच्यासाठी ती जाहिरात; त्यांच्यासाठी नोकरी, घर, कधी जीवही पणाला लागतो.

३. पोरं: वाढपी, हेल्पर, ड्रायव्हर सगळ्यांना आदल्या दिवशी सांगा, मोबाईल खिशात.

४. प्लॅन बी: जनरेटर, दुसरा आचारी, दुसरी जागा. कुणी धमकावलं तर वाद घालू नका, सरळ ११२ लावा.

गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर न जाऊ देणं हीसुद्धा सर्व्हिसच आहे. दोघंही विश्वासाने पैसे देतात. आजच तुमच्या करारात फोटोची ओळ टाका आणि कमेंटमध्ये ‘टाकली’ असं लिहा!